अनकंपाग्रेच्या पठारावर पहिला म्यूल डिअर

कोलोरॅडोच्या पश्चिमेला, माँट्रोझ गावाच्या पाठीशी, अनकंपाग्रे नावाचं लांबलचक पठार आहे. माथा तीन हजार मीटरला टेकलेला. वर स्प्रूस आणि अ‍ॅस्पेनचं रान, मधल्या उतारांवर गॅम्बेल ओकची पुरुषभर उंचीची गच्च दाटी, त्याखाली पिन्यन आणि जुनिपर, अगदी तळाला सेजब्रश. म्यूल डिअर या चारही मजल्यांवर राहतो. कुठल्या आठवड्यात तो कुठल्या मजल्यावर असेल हे ओळखणं, हाच पहिल्यांदा जाणाऱ्याचा खरा अभ्यास.

म्यूल म्हणजे खेचर. या हरणाचे कान खेचरासारखे लांब आणि सतत हलते, त्यावरून हे नाव. अंगाने चितळापेक्षा थोराड, सांबरापेक्षा बरंच लहान. ढुंगण पांढरं, शेपटी दोरीसारखी बारीक आणि टोकाला काळी. शिंगं चितळा-सांबरासारखीच दर वर्षी गळतात आणि नव्याने येतात. पण त्यांची ठेवण वेगळी. गलोलीच्या बेचक्याला पुन्हा बेचकं फुटावं तशी. व्हाइटटेल हरणाच्या शिंगाला एकच मुख्य दांडा असतो आणि त्यावर टोकं उभी राहतात. इथे दांडाच दुभंगतो.

या फेरीचा हंगाम म्हणजे ऑक्टोबरअखेरचा, रायफलचा दुसरा हंगाम. शनिवारी सुरू होतो आणि पुढच्या रविवारी संपतो, असे नऊ दिवस. परवाना सोडतीने मिळतो आणि अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात, त्यामुळे ऑक्टोबरची शिकार मार्चमध्ये ठरवावी लागते. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. परराज्यातल्या माणसाचं शुल्क स्थानिकाच्या दहापटीहून अधिक असतं. एच-वन-बीसारख्या व्हिसावर आलेल्या आपल्या लोकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. तिथल्या राज्याचा चालू शिकार-परवाना हाती असेल तर ही मनाई लागू होत नाही. म्हणून आधी परवाना, मग रायफलीला हात. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही.

रायफलीच्या निवडीवर लोक फार वेळ घालवतात. .२७० विंचेस्टर, .३०८, ६.५ क्रीडमूर, यांतल्या कुठल्याही काडतुसाची चालते. कोलोरॅडोच्या नियमाने नळी किमान .२४ कॅलिबरची, म्हणजे .२४ इंच व्यासाची, आणि हरणासाठी गोळी किमान ७० ग्रेन वजनाची हवी. .२७० मध्ये १३० ग्रेनची गोळी घालून २०० यार्डांवर नेम जुळवला, की १०० यार्डांवर ती दीडेक इंच वर लागते आणि ३०० यार्डांवर साधारण सहा इंच खाली. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर तिला जवळजवळ तेवढंच बाजूला ढकलतो. खरा सराव टेबलावरचा नाही. जमिनीवर बसून, गुडघ्यावर, दोन काठ्यांच्या टेकूवर, धाप लागलेली असताना आठ इंची कागदी ताटलीवर पाच बार काढायचे. पाचही ताटलीत बसतील ते आपलं अंतर. बहुतेक नवख्यांचं ते २०० यार्ड निघतं, आणि तेवढं पुरतं. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण त्या ताटलीएवढाच ऐवज होतो.

गुरुवार

डेन्व्हरहून माँट्रोझ साडेपाच तासांवर. आधी २८५ क्रमांकाचा रस्ता, पुढे ५० क्रमांकाचा. मोनार्क खिंड ३,४४८ मीटरवर आहे आणि ऑक्टोबरअखेरीस तिथे बर्फ असू शकतं, म्हणून टायर हिवाळी हवेत. गनिसन ओलांडून ब्लू मेसा जलाशयाच्या काठाकाठाने माँट्रोझ गाठायचं आणि पेट्रोल, पाणी, सामान तिथेच भरून घ्यायचं. वर काहीही मिळत नाही.

साठ-सत्तर लिटरच्या दोन शीतपेट्या न्याव्यात. सुट्टा बर्फ भरू नये. त्याचं पाणी होतं, मांस त्यात भिजतं आणि बेचव होतं. घरीच पाण्याच्या बाटल्या गोठवून न्याव्यात. त्या पेटीत चार-पाच दिवस टिकतात, वितळल्या तर पाणी प्यायला होतं.

माँट्रोझहून पश्चिमेला ९० क्रमांकाचा रस्ता पठारावर चढतो आणि माथ्यावरच्या डिव्हाइड रोडला मिळतो. तंबू २,६०० ते २,७०० मीटरवर ठोकायचा. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे इथली झोपसुद्धा तिच्या हजार मीटर वर. पहिल्या रात्री डोकं जड होतं, झोप मोडते. दिवसाला चार लिटर पाणी आणि पहिल्या दिवशी सावकाश चाल, यावर भागतं. रात्री पारा शून्याच्या खाली पाच-दहा अंश जातो. पाण्याचा फिल्टर झोपायच्या पिशवीत घेऊन झोपावं, कारण त्यातलं पाणी गोठलं की आतल्या नळ्या तडकतात आणि फिल्टर बाद होतो.

शुक्रवार

हंगामाच्या आदल्या दिवशी रायफलीची परीक्षा पुन्हा घ्यायची. आदळत आलेल्या गाडीत स्कोपचे, म्हणजे रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीचे, स्क्रू सैल होतात. सराव-मैदानावर तीन काडतुसं घालवून नेम तपासावा. मैदानावर वाया गेलेली तीन काडतुसं हरणावर वाया गेलेल्या एकापेक्षा नेहमीच स्वस्त.

बाकीचा दिवस बंदुकीशिवाय. नकाशावर सरकारी जमिनीची हद्द पक्की करायची. कोलोरॅडोत खासगी जमिनीवर पाटी किंवा कुंपण असायलाच हवं असा नियम नाही. हद्द ओळखणं ही शिकाऱ्याची जबाबदारी. मग ठसे. हरणाचा खूर साडेसात-आठ सेंटिमीटर, पुढे टोकदार. एल्क या त्याहून थोराड हरणाचा दहाच्या वर आणि गोलसर. ऑक्टोबरात काही भागांत गुरं अजून वर असतात, त्यांचा खूर त्याहून रुंद आणि बोथट. लेंड्या ओल्या आणि चमकदार असतील तर आजच्या, फिक्या आणि भुसभुशीत असतील तर विसरून जाव्यात.

या आठवड्यातली अडचण अशी की म्यूल डिअरचा माज नोव्हेंबरच्या मध्यावर येतो. तोवर मोठे नर माद्यांपासून दूर, दाट सावलीत, जवळजवळ न हलता दिवस काढतात. उन्हाळ्यात माथ्यावर दिसलेला नर आता तिथे नसतो. म्हणून एकच उत्तम जागा शोधत बसू नये. समोरचा अख्खा उतार दिसेल, सूर्य पाठीशी राहील आणि वारा तोंडावर येईल, अशा तीन-चार बैठका हेरून ठेवाव्यात.

शनिवार

कायदेशीर वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. या दिवसांत सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. हंगामात नोव्हेंबरचा पहिला रविवार आला तर घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा त्या सकाळची वेळ नव्याने काढून ठेवावी. अंगावर कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी, शिवाय त्याच रंगाची टोपी. ठिपक्या-पट्ट्यांचा नारिंगी चालत नाही. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे त्याची काळजी नको; हालचाल मात्र लगेच दिसते.

पहिल्या दिवशी डोंगरात माणसांची गर्दी असते. एल्कचे शिकारीही याच दिवसांत आलेले असतात. पहाटे पाचपासून गाड्यांचे दिवे डिव्हाइड रोडवर फिरतात. या गर्दीचा उपयोग करून घ्यायचा. दोन दऱ्यांना जोडणाऱ्या खिंडीवर काळोखातच जाऊन बसायचं. माणसांनी उठवलेली हरणं अशा खिंडीतून निसटतात.

बसणं हे या शिकारीचं नव्वद टक्के काम. दहा पटींची दुर्बीण तिपाईवर लावायची. हातात धरलेल्या दुर्बिणीतून चालतं हरीण दिसतं, बसलेलं दिसत नाही, फरक तिपाईचा. समोरचा उतार मनात पट्ट्यांत वाटून घ्यायचा, दर चौकटीवर पाच-सात सेकंद थांबायचं, एक पट्टा डावीकडून उजवीकडे, पुढचा उलट. अख्खं हरीण शोधू नये. उभ्या खोडांत एक आडवी रेघ, म्हणजे पाठ. काळ्या सावलीत फिका डाग, म्हणजे ढुंगण. हललेलं पान वाटतं तो कान असतो. नवखा दहा मिनिटांत उतार ‘रिकामा’ ठरवून उठतो आणि पन्नास पावलांवर तोच उतार उधळतो. पाऊण तास हे किमान.

शनिवारी बहुधा माद्या आणि पाडसं दिसतात. परवाना नराचा असेल तर शिंग किमान पाच इंच लांब हवं, तेव्हा शिंगं स्पष्ट दिसल्याशिवाय रायफल उचलायची नाही. आणि माणसं ओळखायला रायफलीचा स्कोप वापरायचा नाही. त्यासाठी दुर्बीण.

रविवार

गर्दी पांगते, नर दाटीत शिरतात. ओकच्या झुडपांत हळूहळू चालत त्यांना गाठायचा मोह या दिवशी होतो आणि तो बहुतेक वेळा फसतो. गळलेली ओकची पानं पापडासारखी मोडतात.

फसण्याचं दुसरं कारण वारा. डोंगरातला वारा दिवसातून दोनदा फिरतो. पहाटे थंड हवा जड होऊन उताराने खाली वाहते. ऊन तापलं, साधारण नऊ-साडेनऊला, की ती वर चढू लागते. मधला अर्धा-पाऊण तास तिला दिशाच नसते, आणि नेमक्या त्याच वेळी अधीर माणूस उठून पुढे सरकतो. संध्याकाळी सावली पडली की हवा पुन्हा खाली. म्हणून सकाळी वरून खाली बघायचं असेल तर हवा चढू लागेपर्यंत हरणाच्या डोक्यावर जायचं नाही. खिशात बारीक टाल्कची छोटी बाटली ठेवावी, दर वीस पावलांवर एक फुंकर. पावडर गेली तिकडे वास गेला.

दचकलेला म्यूल डिअर चारही खूर एकदम आपटत, स्प्रिंग लावल्यासारखा उडत जातो. कितीही वाटलं तरी तेव्हा बार काढायचा नाही. कड्याच्या आडोशाला जाण्याआधी तो पुष्कळदा एकदा थांबून मागे वळून बघतो. नरम जमिनीवर बसून, टेकू लावून त्या थांब्याची वाट बघणाऱ्याला कधी कधी संधी मिळते.

सोमवार

बर्फ. पंधरा सेंटिमीटर पडतं, दिवसभर ढग खाली. दुर्बिणीत काही दिसत नाही. तंबूवरचं बर्फ झाडायचं, मोजे वाळवायचे, झोपायचं. वीतभर बर्फाने हरणं पठार सोडत नाहीत. गुडघ्याएवढं साचलं की खाली उतरतात. पण या पहिल्या बर्फाने ती उत्तरेचे गार उतार सोडून उन्हाच्या बाजूला येतात. तेव्हा मंगळवारची बैठक तीनशे मीटर खाली, ओक आणि पिन्यनच्या सीमेवर, दक्षिणेला तोंड असलेल्या उतारासमोर घ्यायची.

मंगळवार

आभाळ स्वच्छ, पारा उणे नऊ. बर्फावर तपकिरी अंग उठून दिसतं, हरणं रात्रभर उपाशी असतात, कालचे सगळे ठसे पुसलेले, म्हणून जो ठसा दिसेल तो आजचा. साडेसातला समोरच्या उतारावर चार माद्या बिटरब्रशचे शेंडे ओरबाडताना दिसतात. साडेआठला त्या बसतात. पाच दिवसांच्या सवयीने इथे उठावंसं वाटतं. उठायचं नाही.

बसलेलं हरीण दिवसभर एकाच जागी राहत नाही. ते सावलीत बसतं, सूर्य सरकला की सावली सरकते, ऊन अंगावर येतं, आणि मग ते उठतं, आळस देतं, लघवी करतं, दहा-पंधरा पावलं टाकून नव्या सावलीत बसतं. साडेदहा ते एक या वेळात हे घडतं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. बहुतेक शिकारी तेव्हा तंबूत जेवत असतात.

अकराला दहा मिनिटं कमी असताना एका पिन्यनच्या बुडाशी, सकाळपासून तीनदा बघून झालेल्या जागी, एक काळी फांदी हलते. फांदीला बेचकं, बेचक्याला पुन्हा बेचकं. दर बाजूला तीन टोकांचा, दोन-अडीच वर्षांचा नर. पहिल्या शिकारीसाठी यापेक्षा मोठा शोधण्याची काहीच गरज नाही. तो उठतो, पंधरा पावलं चालतो आणि पुन्हा बसतो. आता तो कुठे आहे ते ठाऊक आहे, आणि तासभर तो हलणार नाही.

अंतर ४१० यार्ड. नवख्याचं अंतर २००. निघण्याआधी खुणा पाठ करायच्या: जळकं खोड, त्याच्या डावीकडे पिवळट खडक, खडकाच्या वर तिसरा पिन्यन. नाल्यात उतरून पलीकडे चढलं की सगळी झाडं सारखी दिसू लागतात, म्हणून मोबाइलवर दुर्बिणीतून एक फोटो काढून घ्यावा. हवा आता वर चढते आहे. तेव्हा वळसा घालून त्याच्या उंचीच्या थोडं वर निघायचं आणि आडव्या अंगाने यायचं, खालून नाही. चारशे यार्डांना पन्नास मिनिटं लागली तर ती बरोबर लागली.

१७० यार्डांवर एक सपाट खडक. पाठपिशवी खडकावर, पिशवीवर रायफल, कोपर जमिनीला. नर बसलेला आहे आणि फक्त मान दिसते. मानेवर बार काढू नये. दोन इंच चुकलं तर जबडा फुटून जनावर निसटतं आणि दिवसेंदिवस कण्हत मरतं. वाट बघायची. वीस मिनिटांनी तो स्वतःहून उठतो, आडवा उभा राहतो. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं, छातीच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे थांबायचं. श्वास अर्धा सोडून चाप हळू दाबायचा. बार होताच बोल्ट ओढून दुसरी गोळी चढवायची आणि नजर स्कोपमधून हलवायची नाही. तो पुढचे पाय झाडून धनुष्यासारखा वाकतो, खाली चाळीस-पन्नास यार्ड धावतो आणि बर्फात घसरत कोसळतो.

तरीही अर्धा तास जागेवर. तो कुठे उभा होता ती जागा नजरेत पक्की करायची, कारण माग तिथून सुरू होतो. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. गडद लाल म्हणजे यकृत, तेव्हा दोन-तीन तास थांबणं बरं. हिरवट, घाण वासाचं काही असेल तर आतडं. सहा तासांच्या आत मागे गेलं तर तो उठून दोन दऱ्या ओलांडतो. जवळ जाताना मागून, डोळ्याला काठी लावून बघायचं. डोळा उघडा आणि निश्चल असेल तर तो गेला.

परवान्याचा टॅग तिथल्या तिथे कापून त्यावर सही आणि तारीख. त्यानंतर सुरी.

पोट न फोडता मांस काढायची रीत इथे सर्वांत उपयोगी. जनावर कुशीवर. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या मध्यावर कातडं चिरायचं, धार आतून बाहेर, म्हणजे केस कापले जात नाहीत आणि मांसाला चिकटत नाहीत. कातडं पोटाकडे सोलत आणायचं. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, मागे वाकलेल्या सांध्याशी, केसांचा तेलकट काळा पुंजका असतो, ती गंधग्रंथी. तिला हात लागला तर हात आणि सुरी धुवूनच पुढे. पुढचा फरा सांध्याशिवाय, नुसत्या स्नायूंनी बरगड्यांना धरलेला असतो. वर उचलून काखेतून कापला की सुटतो. मागच्या मांडीला खुब्याचा गोळा सापडेपर्यंत हाडालगत कापत जायचं. मग पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी, मग मान. शेवटच्या बरगडीमागे चीर देऊन हात आत घालायचा, आतडी बाजूला सारायची आणि कण्याखालचं मऊ मांस बोटांनीच सोडवायचं. जनावर उलटवून दुसरी बाजू. वृषण एका मांडीला नैसर्गिकरीत्या चिकटलेलं ठेवायचं, कारण वाटेत लिंगाचा पुरावा दाखवावा लागतो. चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि आतलं मऊ मांस मागे सोडणं हा गुन्हा आहे.

दोघांना दीड तास. मांस सुती पिशव्यांत, सावलीत फांदीला टांगून, चारही बाजूंनी हवा लागेल असं. केस पोकळ असल्याने कातडं गोधडीसारखं ऊब धरून ठेवतं, आणि खुब्याच्या हाडालगतचं मांस सर्वांत आधी आंबतं. बाहेर उणे पाच असतानाही. हाडाविना मांस पंचवीस ते तीस किलो भरतं. दोघांच्या पाठीवर वाटून, डोक्यासकट, गाडीपर्यंत एका खेपेत जातं, एकट्याला दोन. परतताना नारिंगी कापड पिशवीवरही बांधावं. शिंगं वर दिसणारी पाठपिशवी दुसऱ्याच्या दुर्बिणीत हरीण दिसते.

बुधवार

डोकं माँट्रोझला तपासणी केंद्रावर द्यायचं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सजवळच्या संशोधन केंद्रातल्या बंदिस्त म्यूल डिअरमध्ये पहिल्यांदा दिसला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, आणि प्रायॉन शिजवून मरत नाही. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण बाधित जनावर खाऊ नये असाच सल्ला आहे. दर वर्षी काही विभागांत तपासणी सक्तीची असते, बाकी ठिकाणी थोडं शुल्क भरून करता येते. घशामागच्या लसिकाग्रंथी तपासतात, म्हणून डोकं मानेच्या वरच्या भागासकट द्यायचं. कण्याला सुरी न लावण्याचा फायदा इथे कळतो. अनेक राज्यं मेंदू आणि कणा हद्दीत आणू देत नाहीत. घर दुसऱ्या राज्यात असेल तर नियम आधी वाचावा.

घरी मांस शीतकपाटात एक ते चार अंशांवर पाच-सहा दिवस, ताटात जाळीवर, उघडं. वरचा थर सुकून काळपट होतो, तो कापून टाकायचा. या हरणाची चरबी मेणासारखी. तोंडात टाळ्याला चिकटते आणि उग्र वासही तिचाच. पांढरं दिसेल ते सगळं काढायचं. पाठीच्या पट्टीचे बोटभर जाड काप, तापल्या तव्यावर दर बाजूला दोन-दोन मिनिटं. याहून जास्त शिजवलं की चामडं. नळ्या आणि मान यांच्यासाठी मात्र आपला कुकर: कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, मंद आचेवर पाऊण तास, तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, कारण मांसात चरबी नाही. फऱ्याचा खिमा. चरबी नसल्याने तो कोरडा लागतो, म्हणून बटाटा किंवा थोडी बकऱ्याची चरबी.

तपासणीचा निकाल यायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर प्रत्येक पुडक्यावर तारीख, भाग आणि टॅगचा क्रमांक लिहून फ्रीझरच्या वेगळ्या कप्प्यात. निकाल नकारात्मक आला की कुकर चढवायचा.